बातमी चार माणसांत आल्यावर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आहे. चलथाणमधले कोणतेही मराठी घर घ्या. घरातला एकेक माणूस सहा-सात ग्रुपमध्ये असतो. एक मंडळाचा, एक सोसायटीचा, एक गावाकडच्या भाऊबंदांचा, एक समाजातल्या वधू-वरांचा, एक साखर कारखान्यातल्या किंवा मिलमधल्या सोबत्यांचा, एक मुलांच्या शाळेचा. शिवाय फेसबुक आहेच. या सगळ्या ठिकाणी रोज बातम्या येतात आणि त्यांवर बोलणे होते. काही ठिकाणी दहा मिनिटे घालवली की चार गोष्टी कळतात. काही ठिकाणी तेवढ्याच वेळात नुसते डोके तापते. माणसे तर बहुतेक तीच असतात. मग हा फरक कुठून येतो? मंडळाच्या वाचनकट्ट्यावर आम्ही काही जण बरेच दिवस याच प्रश्नावर बोलत होतो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

ग्रुप चांगला की वाईट हे आपण साधारणपणे त्यातल्या माणसांच्या संख्येवरून ठरवतो, नाहीतर दिवसाला किती मेसेज पडतात त्यावरून. आम्हाला ही मापे उपयोगाची वाटली नाहीत. आम्ही प्रत्येक जागेला चार प्रश्न विचारले. बातमी कोणी आणली आणि त्याला ती कशी कळली, हे तिथे समजते का? वेगळे मत असलेल्याला तिथे बोलता येते का? बातमी खोटी निघाली, तर ज्यांनी ती वाचली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचते का? आणि त्या जागेची जबाबदारी कोणावर आहे? हे चार प्रश्न मोबाइलच्या फार आधीपासूनचे आहेत, आणि त्यांची पहिली परीक्षा आपल्या सुरतेतच झाली आहे.

१८४४ सालची गोष्ट. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा शिक्षक म्हणून सुरतेत होते. इथले गुजराती शिक्षक दुर्गाराम मेहताजी आणि आणखी काही मित्र यांच्यासोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास. पाचही नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणतात. सभा उघडपणे भरत असे. जातिभेद, विधवाविवाह, भूत-पिशाच्च, मंत्र-तंत्र अशा विषयांवर तिथे चर्चा चाले. मांत्रिकांना तर त्यांनी जाहीर आव्हानच दिले होते की तुमच्या मंत्रात शक्ती असेल तर सर्वांसमोर दाखवा. दुर्गाराम सभेतल्या कामाची नोंद ठेवत, आणि त्यांच्या नोंदींच्या आधारानेच महीपतराम रूपराम यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. परगावाहून नोकरीसाठी आलेला एक मराठी माणूस इथल्या गुजराती मित्रांबरोबर अशी सभा काढतो, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

पुढे दादोबा मुंबईला परतले. तिथे १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. विचार साधारण तेच होते, पण सभा गुप्त होती. सभासद एकत्र जमत, जातीची बंधने मोडून एकत्र खात, पण बाहेर कोणी काही बोलत नसे. त्या काळी वाळीत टाकण्याची भीती खरी होती. गुप्ततेच्या आडोशाने पुष्कळांना धीर मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. बंद दारामागे बोललेले उघड्यावर बोलायची कोणाला सवयच नव्हती. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला तो मात्र उघडपणे. त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते.

उघडी सभा आणि बंद सभा, दोन्ही चांगल्या हेतूने निघालेल्या. उघड्या सभेत मांत्रिकही येऊन बोलू शकत होता, म्हणून तिथला विचार रोज तपासला जाई. बंद सभेत सगळे आधीच एकमताचे, त्यामुळे विचार कितीही चांगला असला तरी त्याला प्रश्न विचारणारा कोणी नाही. आज आपले बहुतेक ग्रुप परमहंस सभेच्या जातीचे आहेत. आत येणारा आपल्याच मताचा असतो, आणि वेगळे बोलला की ‘लेफ्ट’ होतो किंवा केला जातो.

नाव सांगून बोलावे की टोपणनावाने, हाही प्रश्न तेव्हा होता. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे छापून येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. ते ‘लोकहितवादी’ या नावाने लिहीत. वाचकाला लेखकाचे खरे नाव दिसत नव्हते, पण ‘प्रभाकर’चा संपादक कोण हे ठाऊक होते, आणि छापलेल्या शब्दाला तो बांधील होता. पुढे टिळक आणि आगरकर यांचे मत जुळेना. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मग कितीतरी वर्षे एका पत्राने लिहायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असे चालले. भाषा तिखट होती, कधी कधी फारच तिखट. पण कोण कोणाला काय म्हणाले आणि त्यावर काय उत्तर आले, हे वाचकाला जागेवर सापडत होते. आज दोन बाजूंचे दोन वेगळे ग्रुप असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

इथे कोणी म्हणेल की पूर्वीचे सगळे चांगले आणि आताचे सगळे वाईट, असे तुम्ही सांगता. तसे नाही. १९९४ चा सप्टेंबर आठवा. सुरतेत प्लेग आला तेव्हा कोणाच्या हातात मोबाइल नव्हता. तरी पाण्यात विष कालवल्याची अफवा आधी पसरली, आणि प्लेगचे नाव निघाल्यावर लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. त्यांत खानदेशाकडे परतणारी आपली माणसे पुष्कळ होती. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी ते दिवस पाहिले आहेत. पुष्कळ खासगी दवाखाने बंद झाले आणि डॉक्टरच निघून गेल्याने लोकांचा धीर आणखी सुटला. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस बोलेनासा झाला की अफवेला रान मोकळे मिळते. तेव्हा ती तोंडातोंडी पसरली, एवढेच.

मोबाइल आल्यावर फरक पडला तो वेगात, आणि सांगणारा दिसेनासा होण्यात. १ जुलै २०१८ ची घटना आपल्याला विसरता येणार नाही, कारण ती आपल्याच मुलखातली आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. त्या दिवशी गावात बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. त्यांच्यावर संशय घेतला गेला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांना ठार मारले. पाच माणसे, भिक्षा मागून पोट भरणारी. त्यांचा गुन्हा काय, तर परके असणे. परक्या मुलखात पोटासाठी गेलेली माणसे म्हणजे काय, हे चलथाणला बसून आपल्याला वेगळे सांगायला नको.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘काळजी म्हणून’ पाठवले असणार. पण पहिला मेसेज कोणी लिहिला, मूल कुठल्या गावातून गेले, पोलिसांत तक्रार झाली का, हे विचारायची त्या मेसेजमध्ये सोयच नव्हती. आमच्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर तिथे मिळत नव्हते.

देशभर अशा घटना घडल्यावर व्हॉट्सअॅपने काही बदल केले. पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. २०१८ च्या जुलैमध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली, आणि पुढल्या वर्षी ती जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले गेले. त्यानंतर अशा मेसेजचे फिरणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. या आकड्याकडे आम्ही बराच वेळ पाहत बसलो. लोक तेच, फोन तेच, स्वभाव तेच. नियमात एक छोटा बदल झाला आणि वागणे बदलले. म्हणजे गप्पांचा दर्जा माणसांच्या चांगुलपणावर जेवढा, तेवढाच जागेच्या रचनेवर ठरतो.

उलट बाजूचे उदाहरण फेसबुकचे. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना २०१७ पासून काही काळ तिथे हृदय, हसू, संताप अशा चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते, असे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्याच कागदपत्रांतून दिसले. ज्या मजकुराने माणूस चिडतो तो अशा मोजणीत आपोआप वर चढतो. सकाळी फेसबुक उघडले की डोके का तापते, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

आता मराठी माणसांनी स्वतः उभ्या केलेल्या जागा पाहू. परदेशी आणि देशी मराठी माणसांना जोडणारी ‘मायबोली’ १९९६ पासून आहे. दरवर्षी तिथे गणेशोत्सवही होतो, स्पर्धा आणि पाककृतींसह. २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आले, नंतर ‘ऐसी अक्षरे’. या ठिकाणी बहुतेक लोक टोपणनावाने लिहितात, आणि तरीही पाककृतीपासून अणुऊर्जेपर्यंत चर्चा रंगतात. एका विषयाचे सगळे बोलणे एकाखाली एक राहते. दहा वर्षांपूर्वीचे म्हणणे आजही शोधून वाचता येते. संपादक असतात, आणि मर्यादा सोडली तर मजकूर काढतात. म्हणजे ‘प्रभाकर’चीच रीत. ‘ऐसी अक्षरे’वर तर वाचकांना प्रतिसादाला श्रेणी देता येते: माहितीपूर्ण, मार्मिक, रोचक, किंवा खोडसाळ, निरर्थक. नुसता अंगठा दाखवण्यापेक्षा हे बरे. ‘आवडले’ आणि ‘माहिती मिळाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे लक्षात राहते.

दोष तिथेही आहेत. जुन्या सभासदांची कंपूबाजी होते, नव्या माणसाला सगळे मिळून घेरतात, आणि श्रेणी देतानाही कधी मत न पटल्याचा राग काढला जातो. शिवाय तिथे जाऊन लांबलचक लिहिणारी माणसे थोडी. मराठी विकिपीडियाचेही तसेच. २००३ पासून तो आहे. प्रत्येक विधानाला आधार मागायची तिथे पद्धत आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, आणि लेखामागे चर्चेचे पान असते. दुरुस्तीच्या बाबतीत त्याच्याइतकी चांगली व्यवस्था आम्हाला दुसरी दिसली नाही. पण तिथे ताज्या बातमीसाठी कोणी जात नाही, आणि लिहिणारे हात कमी पडतात.

घरच्या ग्रुपची गोष्ट याच्या अगदी उलटी. तिथे सगळ्यांची खरी नावे ठाऊक आहेत. काका, मामा, आत्या, वहिनी, गावचे सरपंच. नाव माहीत असले की खोटे कमी फिरेल असे वाटते ना? अनुभव तसा नाही. मामांनी एखादा औषधाचा चुकीचा उपाय टाकला तर भाच्याला ते माहीत असूनही तो बोलत नाही. मोठ्यांना चारचौघांत कसे टोकायचे? तो दोन हात जोडलेले चिन्ह टाकतो आणि पुढे जातो. टोपणनावाच्या जागी अनोळखी माणूस बिनधास्त विचारतो की आधार काय, आणि आपल्या माणसांत तोच प्रश्न उद्धटपणा ठरतो. आमच्या मते आपल्या ग्रुपांचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि कुठलीही कंपनी तो दूर करू शकणार नाही. ते काम घरातल्या मोठ्यांचे आहे. मोठ्यांनी एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणावे, “बरे झाले सांगितलेस, मला माहीत नव्हते.” त्या एका वाक्याने धाकट्यांची जीभ मोकळी होईल.

याच ग्रुपांची ताकदही मोठी आहे, ती विसरू नये. तापी आपल्या मुलखातून इकडे येते. भुसावळजवळ हतनूरचे दरवाजे उघडले की ते पाणी पुढे उकाईला येते, आणि उकाईतून सुटलेले पाणी सुरतेत. २००६ च्या ऑगस्टमधल्या पुराने ते कसे येते हे सगळ्या शहराला दाखवले. पावसाळ्यात गावाकडच्या ग्रुपवर एखाद्याने लिहिले की ‘आज दुपारी दोन वाजता हतनूरचे दरवाजे उघडले, मी स्वतः पुलावर आहे’, तर तो मेसेज सोन्यासारखा आहे. कोण, कुठे, कधी, कसे कळले, सगळे त्यात आले. त्याच दिवशी दुसरा कोणी तारीख नसलेला पुराचा जुना व्हिडिओ टाकतो, खाली ‘सावधान’ लिहून. दोन्ही एकाच ग्रुपवर, एकाखाली एक. व्हिडिओ पाहणारे जास्त असतात, पण कामाचा तो पहिला मेसेज.

दोन भाषांचा फायदाही आपल्याच हातात आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली घरे गुजराती तितक्याच सहज वाचतात. सुरतेचे ‘गुजरातमित्र’ १८६३ पासून निघते आहे. एखादी बातमी मराठी ग्रुपवर आली आणि ती सुरतेची असेल, तर गुजराती वर्तमानपत्र उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात. महाराष्ट्राची असेल तर मराठी दैनिक आहे. भाषा-प्रांताचा वाद पेटवणारे मेसेज दोन्हीकडे फिरतात, आणि दोन्हीकडचे वाचता येणारी माणसे आपणच आहोत. आपल्या शेजारच्या गुजराती कुटुंबाबद्दल काही बरेवाईट वाचले, तर त्यांना विचारणे हा सर्वांत जवळचा आधार. दादोबा आणि दुर्गाराम एका खोलीत बसले होते, हे तेव्हा आठवावे.

मग करायचे काय? मोठे नियम कोणी पाळत नाही, म्हणून आम्ही चारच रिवाज सुचवतो, आपल्या चार प्रश्नांना धरून.

पहिला, बातमी पुढे पाठवताना आपली एक ओळ जोडावी: कोणाकडून कळले आणि केव्हाचे आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर बातमी थांबवावी.

दुसरा, शंका विचारणाऱ्याला उद्धट म्हणू नये. ‘आधार काय?’ हा प्रश्न बातमीला आहे, माणसाला नाही, असे सगळ्यांनी धरून चालावे.

तिसरा, चूक निघाली तर मेसेज गुपचूप पुसून मोकळे होऊ नये. ज्या ज्या ग्रुपवर टाकला, तिथे तिथे ‘ही बातमी खरी नव्हती’ असे लिहावे. लिहिणाऱ्याची कोणी थट्टा करू नये.

चौथा, मंडळाचे दोन ग्रुप करावेत. एकावर फक्त सूचना, आणि त्या जबाबदार व्यक्तीनेच द्याव्यात. आरती किती वाजता, रक्तदान शिबिर कधी, कोणाच्या घरी दुःखद घटना झाली. दुसरा चर्चेचा, तिथे मोकळे बोलावे. त्या ग्रुपचे काम वर्षभर एकाने न पाहता तीन-तीन महिन्यांनी दोघांनी पाहावे, त्यातली एक बहीण असावी.

आणि महिन्यातून एकदा समोरासमोर बसावे. फोनवर ज्याच्याशी तीन दिवस वाद घातला, त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन बसले की आवाज आपोआप उतरतो. गेल्या महिन्यात ग्रुपवर जे गाजले, त्यातले काय खरे निघाले आणि काय खोटे, एवढेच पाहावे. मानवधर्म सभेत नोंद ठेवत, तशी आपणही एक वही ठेवू. वर्षाने ती उघडली की आपली जागा सुधारली की बिघडली, हे आकड्यांशिवायही समजेल.

समोर मखरात बसलेल्या देवाला शूर्पकर्ण म्हणतात. सुपासारखे कान. आपल्या आया-आज्या सुपात धान्य पाखडत, तेव्हा दाणा राहायचा आणि फोलकट उडून जायचे. दिवसभर कानावर जे पडते त्याचेही असेच पाखडणे व्हावे, एवढीच त्या कानांकडून शिकवण घ्यायची.

वाचनकट्टा विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी भरेल. ज्यांना आमचे म्हणणे पटले नाही त्यांनी आवर्जून यावे. वही तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!